शाळेचं वर्तमानपत्र आणि दूरचा वाचक

आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकायला अगदी साधा आहे. एका शाळेतली मुलं स्वतःचं वर्तमानपत्र काढतात, ते दुसऱ्या शाळेला पाठवतात, तिथली मुलं वाचतात आणि आपलं म्हणणं कळवतात. बस्स, एवढंच. पण एवढ्यातून मुलांच्या लिहिण्यात नेमकं काय बदलतं, आणि कधी काहीच का बदलत नाही, हे आज आपण जरा नीट पाहू.

सुरुवात आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. आपल्याकडे शाळेचं हस्तलिखित असतं, भित्तीपत्रक असतं. हस्तलिखितासाठी मुलं महिनाभर राबतात. सुंदर अक्षरवाला मुलगा लिहून काढतो, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करतात, स्नेहसंमेलनाला पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं. पाहुणे दोन पानं चाळतात, “वा, छान उपक्रम” म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी हस्तलिखित कपाटात जातं. आता विचारायचा प्रश्न असा, की ते वाचलं कोणी? ज्या मुलीने आपल्या आजीवर दीड पान लिहिलं, तिला ते वाचून कोणी काही विचारलं का? बहुतेक वेळा उत्तर “नाही” असं असतं. आणि मुलांना हे कळतं, बरं का. पुढच्या वर्षी तीच मुलगी आजीवर लिहीत नाही. ती ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिते, कारण कोणी वाचणारच नसेल तर निबंध पुरतो.

म्हणजे इथे पणाला काय लागलेलं आहे? “माझं म्हणणं कोणाला तरी हवं आहे” हा मुलाचा विश्वास. तो एकदा गेला, की व्याकरणाचे कितीही तास घ्या, भाषा फक्त मार्कांपुरती उरते.

‘एक्सचेंज’ नावाचा रकाना

वर्तमानपत्रांनी एकमेकांना अंक पाठवायची रीत जुनी आहे. अमेरिकेत १७९२ च्या टपाल कायद्याने वर्तमानपत्रांच्या मुद्रकांना आपला अंक दुसऱ्या मुद्रकाला टपालाने फुकट पाठवता येत असे. त्या काळी तारयंत्र नव्हतं, वृत्तसंस्था नव्हत्या. दुसऱ्या गावचा अंक आला की त्यातली बातमी उचलायची, असा सरळ व्यवहार होता. या आलेल्या अंकांना ‘एक्सचेंज’ म्हणत.

पुढे तिथल्या हायस्कुलांनी आणि कॉलेजांनी हीच रीत उचलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकन शालेय नियतकालिकं पाहिली, तर शेवटच्या पानांवर ‘एक्सचेंज’ असा रकाना हटकून दिसतो. त्याचा वेगळा विद्यार्थी-संपादक असायचा. टपालाने आलेले इतर शाळांचे अंक वाचायचे आणि प्रत्येकावर दोन-चार ओळी लिहायच्या, हे त्याचं काम. काही अंकांत दोन भाग असत: एकात आम्ही इतरांबद्दल काय म्हणतो ते, आणि दुसऱ्यात इतर आमच्याबद्दल काय म्हणतात ते.

या दोन-चार ओळींत असायचं काय? तुमच्या अंकाला अनुक्रमणिका हवी. जाहिराती मजकुरात मिसळू नका. विनोद चांगले आहेत पण गोष्टी कमी पडल्या. चित्रं वाढवा. आणि एक तक्रार तर वारंवार असायची, की तुमच्याकडे एक्सचेंजचा रकाना का नाही?

ही पद्धत वाईट होती असं आम्ही म्हणणार नाही. सतरा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याचं काम वाचून चारचौघांत मत द्यावं लागत होतं, आणि ते मत छापलं जात होतं. मत देताना भाषा जपावी लागते, हे त्याला आपोआप कळायचं. पण तिची मर्यादाही पाहा. अभिप्राय बहुतेक अंकाच्या मांडणीबद्दल असे. त्या अंकात एखाद्या मुलाने जे सांगितलं होतं, त्याबद्दल फारसं काही नसे. म्हणजे परीक्षकाची खुर्ची बदलली, शिक्षकाच्या जागी दुसऱ्या शाळेचा विद्यार्थी बसला. काम मात्र तपासण्याचंच राहिलं.

पुढे हे तपासण्याचं काम संस्थांकडेही गेलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९२५ साली शालेय नियतकालिकांसाठी एक संघटना सुरू झाली. शाळांनी अंक पाठवायचे आणि जाणकारांनी ते निकषांवर पारखून अभिप्राय द्यायचा, अशी तिची पद्धत. त्याचाही उपयोग आहेच. पण जाणकाराचा अभिप्राय आणि बरोबरीच्या वाचकाचा अभिप्राय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

फ्रान्समधली दोन गावं

साधारण त्याच वर्षांत फ्रान्समध्ये एका खेड्यातल्या शिक्षकाने वेगळी वाट धरली. त्याचं नाव सेलेस्तँ फ्रेने. जन्म १८९६ चा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, त्याच्या फुप्फुसाला गंभीर जखम झाली. १९२० मध्ये तो दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या गावी प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झाला. वर्गात तासन् तास मोठ्याने बोलत राहणं त्याच्या छातीला झेपेना. शिवाय त्याच्या लक्षात आलं, की पाठ्यपुस्तकातला धडा सुरू झाला की मुलांचं ध्यान खिडकीबाहेर जातं, आणि बाहेर फिरून आल्यावर मात्र त्यांना सांगायला पुष्कळ असतं.

मग १९२४ च्या सुमारास त्याने एक लहानसं छपाईयंत्र वर्गात आणलं. मुलांनी बाहेर पाहिलेलं सांगायचं, त्यातून मजकूर तयार करायचा, शिशाचे खिळे एकेक करून स्वतः जुळवायचे, शाई लावायची आणि पान छापायचं. ज्याने कधी खिळे जुळवलेत त्याला हे माहीत आहे: एक ओळ जुळवायला इतका वेळ लागतो, की नको असलेला शब्द आपणच काढून टाकतो. मुलांचंही तेच झालं.

पण छापलेलं पान वाचणार कोण? गावात तर सगळ्यांना सगळं माहीत. इथे आपल्या विषयाचा गाभा येतो. १९२६ मध्ये फ्रेनेच्या वर्गाची जोडी जमली ती ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगंक इथल्या रने दानिएल या शिक्षकाच्या वर्गाशी. फ्रान्सच्या नकाशावर एक गाव आग्नेय टोकाला, दुसरं वायव्य टोकाला. रस्त्याने हजार किलोमीटरहून जास्त अंतर. बारच्या आसपास ऑलिव्हची झाडं, अत्तरासाठी वेचली जाणारी संत्र्याची फुलं. त्रेगंकला समुद्र, मासेमारी, ओहोटीला गोळा करायचं शेवाळ. ब्रिटनीतल्या पुष्कळ मुलांच्या घरी त्या काळी ब्रेटन भाषा बोलली जायची. फ्रेंच ही शाळेची भाषा. दक्षिणेतही घरची बोली वेगळीच.

दोन्ही वर्गांनी आपली छापील पानं एकमेकांना नियमित पाठवायला सुरुवात केली. एकच प्रत नाही, तर समोरच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात पान पडेल इतक्या प्रती. आलेली पानं मुलं एकत्र बांधून ठेवत आणि वाचत. पानांबरोबर पत्रं जात, आपल्या भागातल्या वस्तूंची पार्सलं जात.

आता बघा काय झालं. बारच्या मुलासाठी संत्र्याची फुलं वेचणं ही रोजची, कंटाळवाणी गोष्ट. त्रेगंकच्या मुलासाठी ते नवल. ती फुलं का वेचतात? कोण वेचतं? किती पैसे मिळतात? या प्रश्नांची उत्तरं द्यायची तर बारच्या मुलाला आईला विचारावं लागणार, फुलं मोजून घेणाऱ्या माणसाला विचारावं लागणार, वजनाचा हिशेब मांडावा लागणार. म्हणजे दूरच्या वाचकाच्या एका प्रश्नातून भूगोल आला, गणित आलं, आणि आपल्या गावाकडे नव्याने पाहणंही आलं. फ्रेने याला वेगळा उपक्रम मानत नव्हता. त्याच्या शाळेचं कामच त्यावर उभं होतं. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, वेगवेगळ्या शाळांतल्या मुलांचं लेखन एकत्र करणारं ‘ला जेर्ब’ हे मासिक सुरू झालं. जेर्ब म्हणजे कापणीनंतर बांधतात ती पेंढी. नाव अगदी नेमकं आहे, नाही का?

वो आणि बार्बियाना

तिसरं उदाहरण इटलीचं, आणि त्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. आपल्यापैकी अनेकांनी ‘प्रिय बाई’ हे पुस्तक वाचलं असेल. बार्बियाना या डोंगरातल्या वस्तीवरच्या आठ मुलांनी मिळून लिहिलेलं, १९६७ साली इटलीत प्रसिद्ध झालेलं ते पुस्तक. ही शाळा चालवणारे धर्मगुरू डॉन लोरेन्झो मिलानी. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण आठ मुलांनी मिळून एक पुस्तक लिहायचं, ही रीत तिथे रुजली कशी?

त्यात मारिओ लोदी या शिक्षकाचा मोठा वाटा आहे. लोदी पो नदीच्या सपाट प्रदेशातल्या पियादेनाजवळ, वो नावाच्या खेड्यात शिकवत. फ्रेनेच्या विचारातून इटलीत जी शिक्षकांची चळवळ उभी राहिली, तिच्यातले ते एक. १९६३ मध्ये ते बार्बियानाला गेले. मुलांनी मिळून मजकूर तयार करणं आणि शाळाशाळांतला पत्रव्यवहार, यांवर त्यांचं मिलानींशी बोलणं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बार्बियानाच्या मुलांनी वोच्या मुलांना एक सामूहिक पत्र पाठवलं. आपली शाळा कशी आहे, तिथे काय शिकतो, का शिकतो, हे सांगणारं. समोरचे वाचक वयाने लहान, सपाटीवरचे. त्यांना कळेल असं लिहायचं, म्हणून मुलांनी एकेका वाक्यावर खल केला. पुढे जे पुस्तक जगभर गेलं, त्याची तालीम या पत्रात झाली.

‘प्रिय बाई’मध्ये मुलांनी आपली लिहिण्याची रीत सांगितली आहे. सुचेल ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर टिपायचं. मग चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर मांडायच्या, पुन्हा आलेलं काढायचं, गठ्ठे करायचे, क्रम लावायचा, जड शब्द हटवायचे. आणि शेवटी बाहेरच्या माणसांना बोलवून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचं. ही माणसं फार शिकलेली नसतील तर उत्तम. आपल्याला म्हणायचं होतं ते त्यांना कळलं का, हे पाहायचं. त्यांची सूचना अर्थ स्पष्ट करणारी असेल तर घ्यायची. “जरा सांभाळून लिहा” अशी असेल तर नाही घ्यायची.

अभिप्रायाचं याहून सोपं शास्त्र आम्हाला तरी कुठे सापडलेलं नाही. वाचणाऱ्याने चूक काढायची नाही. आपल्याला काय कळलं आणि कुठे अडलं, एवढंच दाखवायचं.

प्रश्न, शेरा आणि लाल शाई

आता हे आपल्या मातीत आणून पाहू. समजा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेने भंडारा किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या शाळेशी जोडी जमवली. दोन्हीकडे भाताची शेती. जुलैमध्ये कोकणातला मुलगा लिहितो, “आमची लावणी सुरू झाली, तरवा काढायला मीही गेलो.” तिकडची मुलगी लिहिते, “धानाची रोवणी आहे, पऱ्हे कमी पडले.” काम एकच, पीक एकच, पण भात आणि धान, लावणी आणि रोवणी, तरवा आणि पऱ्हे. दोघंही मराठी लिहीत आहेत आणि दोघांनाही एकमेकांचं पान वाचताना अडणार आहे.

या अडण्यावर तीन तऱ्हेने प्रतिक्रिया देता येते.

पहिली: “तुमचा अंक खूप आवडला. चित्रं छान आहेत.” ही शेऱ्याची तऱ्हा. वाचून बरं वाटतं, पण लिहिणाऱ्याला पुढे करायला काहीच मिळत नाही.

दुसरी: “पऱ्हे हा शब्द चुकीचा आहे, प्रमाण भाषेत रोपे म्हणतात.” ही लाल शाईची तऱ्हा. हिच्यातून मुलीला एकच धडा मिळतो, की घरचा शब्द शाळेत आणायचा नाही. पुढच्या अंकात ‘रोपे’ येतील आणि तिचं शेत त्या पानातून निघून जाईल.

तिसरी: “पऱ्हे म्हणजे आमचा तरवा का? आणि कमी पडले तर मग तुम्ही काय केलं? शेजाऱ्याकडून आणले, की तेवढी जमीन तशीच राहिली?” ही प्रश्नाची तऱ्हा. आता मुलीला लिहावंच लागेल. कदाचित उत्तरात असंही येईल, की पाऊस लांबला म्हणून रोपं वाळली आणि वडिलांनी उसनवारी केली. म्हणजे शब्दाचा अर्थ विचारता विचारता घरातली गोष्ट पुढे आली. आणि “त्या दुसऱ्या शाळेतल्यांना माझं ऐकायचं आहे” हेही तिला समजलं.

म्हणून मुलांना अभिप्राय लिहायला शिकवताना तीन गोष्टी पुरतात. एक, वाचताना डोळ्यापुढे काय आलं ते सांगा. दोन, जिथे अडलं तिथे प्रश्न विचारा. तीन, त्यावरून आपलं काही आठवलं तर तेही लिहून पाठवा. शुद्धलेखनाचं काय, असं कोणी विचारेल. ते ज्याच्या त्याच्या वर्गात, अंक पाठवण्याआधी, आपापल्या शिक्षकांबरोबर. दुसऱ्या शाळेने ते काम करायचं नाही.

प्रत्यक्ष करायचं कसं

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक काढत, आणि १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं, हे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा मुलांसाठी नेमाने लिहिण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. तिला दूरच्या वाचकाची जोड द्यायची आहे.

जोडी दोनच शाळांची असावी. दहा शाळांचा गट केला की कोणीच कोणाचं नीट वाचत नाही. परिसर वेगळे असावेत: समुद्र आणि जंगल, ऊसपट्टा आणि दुष्काळी भाग, शहरातली वस्ती आणि पाडा. वर्ग साधारण एका वयाचे असले तर बरं.

अंक लहान असावा. चार पानं पुष्कळ झाली. वर्षातून एकदा शंभर पानं काढण्यापेक्षा महिन्याला चार पानं काढा, कारण उत्तर वेळेवर आलं तरच ते उत्तर वाटतं. जूनमध्ये विचारलेल्या प्रश्नाला फेब्रुवारीत उत्तर मिळालं तर मूल तो प्रश्नच विसरून गेलेलं असतं.

आलेला अंक वाचायला वेळापत्रकात तास ठेवा. मोठ्याने वाचा. प्रश्न फळ्यावर लिहा, त्यांतले निवडा, आणि पुढच्या अंकात एक पान फक्त त्या शाळेच्या प्रश्नांच्या उत्तरांना द्या. हे पान रद्द करायचं नाही, बाकी काही कमी करा. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल, पण निदान काही प्रती कागदावर, टपालाने जाऊ द्या. शिक्षकांच्या फोनमध्ये राहिलेला अंक मुलांच्या हातात पडत नाही.

आणि बक्षीस ठेवू नका. दोन शाळांत स्पर्धा लागली, की प्रश्न थांबतात आणि शेरे सुरू होतात. कोणाचा अंक सरस, हेच मग महत्त्वाचं ठरतं.

बाहेर जाणाऱ्या पानाची जबाबदारी

आमच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न हटकून येतो: मुलं घरातलं काहीही लिहितील, ते बाहेर गेलं तर? प्रश्न रास्त आहे. फ्रेनेलाही याची झळ बसली. पुढे तो सेंट-पॉल या गावच्या शाळेत होता. तिथे एका मुलाने आपलं स्वप्न लिहिलं, ज्यात गावच्या महापौराला मारल्याचं होतं. ते छापलं गेलं. १९३२ च्या डिसेंबरात फ्रेनेच्या विरोधकांनी तो मजकूर गावातल्या भिंतींवर चिकटवला. केवढा गदारोळ उठला! वाद वर्तमानपत्रांत पोचला, आणि १९३३ मध्ये फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. त्यानंतर त्याने व्हान्स इथे स्वतःची शाळा उभी केली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पान शाळेबाहेर गेलं की ते कोणाच्याही हाती पडू शकतं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं नव्हतं तोही ते वाचतो. म्हणून पाठवण्याआधी मुलाला विचारायचं, “हे बाहेर जाऊ द्यायचं का? नावासकट, की नावाशिवाय?” घरातल्या दुसऱ्या माणसाची उघड होऊ नये अशी गोष्ट असेल, तर ती वहीतच राहू द्यायची. मघाच्या मुलीच्या उसनवारीची गोष्ट घ्या. ती पाठवायची की नाही हे तिने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं, मजकूर चांगला आहे म्हणून आपण नाही.

दुसरी गोष्ट अशी, की या भीतीपोटी सगळं गुळगुळीत करून पाठवलं तर समोरच्या शाळेला विचारण्यासारखं काही उरत नाही. बार्बियानाच्या मुलांनी “सांभाळून लिहा” हा सल्ला नाकारला होता. मुलाची खाजगी गोष्ट जपायची आहे, पण म्हणून गावात पाणी येत नाही हे लिहायला त्याला अडवायचं नाही. यातला फरक प्रत्येक वेळी बसून ठरवावा लागतो, आणि तो मुलांबरोबर बसून ठरवणं हाही संपादनाचाच धडा आहे.

इथे ऐकणाऱ्यांत पुष्कळ शिक्षक आहेत, पालकही आहेत. आमची विनंती एवढीच: तुमच्या शाळेचं कपाटात पडलेलं या वर्षीचं हस्तलिखित काढा. त्यातली चारच पानं निवडा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या ओळखीच्या एका शिक्षकाला ती पाठवा आणि सांगा, तुमच्या मुलांना वाचून दाखवा आणि मनात येतील ते प्रश्न लिहून कळवा. प्रश्न आले, की ते ज्या मुलांच्या पानांवर आले आहेत त्यांच्या हातात द्या. पुढचा अंक काय असावा, हे मग ती मुलंच तुम्हाला सांगतील.